रूळ मोठे झाले, पॅसेंजर कुठे राहिली?

माणकाठ

नमस्कार मंडळी.

माझं आजोळ मिरज-पंढरपूर लाइनवरचं, ढालगावजवळ. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत पळत जाऊन जागा धरायची, हे दरवर्षी ठरलेलं. आजी पुठ्ठ्याचं तिकीट कनवटीला लावायची. उतरायच्या आधी दोन मिनिटं ते माझ्या हातात द्यायची. तारखेचा ठसा इतका खोल दाबलेला असायचा की डोळे मिटून अंगठ्याने आकडे लागायचे.

ती लाइन आता ब्रॉडगेज आहे, विजेची आहे. तरीही परवा आजोळी गेलो ते वडापने (शेअरच्या जीपने), कारण जायच्या वेळेला गाडी नव्हती आणि यायच्या वेळेलाही नव्हती. हा धागा त्यासाठी.

ज्यांना ही लाइन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मोठी लाइन बार्शीला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली होती, आणि बार्शी ही तेव्हा कापसाची मोठी पेठ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी लाइन सुरू केली, तीच बार्शी लाइट. पुढे १९०६ ला ती पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं, की रूळ हलके चालतील, पण कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन जड होतंय तर त्याला चाकं वाढवा. इंजिनं, डबे, मालाच्या वाघिणी सगळं त्याने या एका हिशेबात बसवलं. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली, आणि गेज बदलायला त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं गेली. लातूरकडचं काम २००७-०८ मध्ये उरकलं, मिरज-पंढरपूरचं त्याच्यानंतर.

गेज बदलल्याने काय मिळालं ते आधी मान्य करतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने तडफडत होतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी याच रुळांवरून गेली. १२ तारखेला पहिली पोचली, दहा टँकर, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टँकरची गाडी जायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. अडीच फुटी रुळांवर हे स्वप्नातसुद्धा जमलं नसतं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे आमच्या सांगोल्याहून थेट बंगालमधल्या शालीमारला निघाली. माण नदीच्या कोरड्या पट्ट्यातल्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल ते शब्दांत येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं, तेव्हा सगळ्यात शेवटी राहिलेला तुकडा औसा रोड ते लातूर रोड हा होता, म्हणजे याच मार्गाचं लातूरकडचं टोक.

म्हणजे पाणी गेलं, डाळिंब गेलं, लांबचा माणूस मुंबईला गेला. मधल्या गावातून तालुक्याला रोज जाणारा माणूस मात्र फलाटावरच राहिला. त्याला सकाळी नऊच्या आत पोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी लागते, बाकी काही नको असतं.

मग करोना आला. २२ मार्च २०२० ला देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. परत सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरच्या नंबरापुढे शून्य लागलं होतं, ती 'स्पेशल' झाली होती आणि किमान तिकीट दहाचं तीस झालं होतं. दहा रुपये परत आले फेब्रुवारी २०२४ मध्ये. चार वर्षांत माणसाची सवय मोडते. पोरगा बारावीला असताना गाडी बंद झाली आणि परत परवडायला लागली तेव्हा तो पदवी घेऊन बसलेला.

मला असं दिसतं की पॅसेंजर बंद होते त्याच्या कितीतरी आधी तिची वेळ बिघडवली जाते. आधी टाइमटेबलातून माणूस बाहेर जातो, मग डबे रिकामे दिसतात, आणि मग रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवून गाडी काढतात. तुमच्याकडे कसं घडलं? गाडी परत आली असेल तर ती कशी आली? सविस्तर लिहा.

---

लालहिरवी

माणकाठ, बरोबर जागी बोट ठेवलंत. मी चौतीस वर्षं गार्डच्या डब्यात काढली. (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आम्ही गार्ड म्हणूनच निवृत्त झालो.) आतल्या बाजूने कसं घडतं ते सांगतो.

एकेरी लाइनवर समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त लूप (बाजूचा जादा रूळ) असलेल्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. त्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. कंट्रोलरसमोर एक्सप्रेस, मालगाडी आणि पॅसेंजर अशा तिघी असल्या तर लूपला कोण जाणार हे सांगायला नको. एक क्रॉसिंग चुकलं की वीस मिनिटं गेली. दोन चुकली की पाऊण तास. मग टाइमटेबल करणारे काय करतात, पॅसेंजरच्या वेळेत आधीच ढिलाई घालून ठेवतात. कागदावर गाडी वेळेवर, पण साठ किलोमीटरला अडीच तास.

दुसरी गोष्ट रेकची, म्हणजे गाडीच्या डब्यांच्या अख्ख्या संचाची. एकच रेक सकाळी एका गावाहून निघून दुपारी दुसऱ्या गावी, मग तोच नंबर बदलून तिसरीकडे. याला लिंक म्हणतात. लिंक बसवताना रेक कमी लागावेत हे बघतात, शाळा किती वाजता भरते हे बघत नाहीत. त्यात वाईट हेतू कुणाचा नसतो. शाळेची वेळ त्या टेबलावर पोचतच नाही.

तिसरी गोष्ट हॉल्टची, ही फार कमी लोकांना माहीत असते. लहान हॉल्टवर रेल्वेचा माणूस नसतो. गावातलाच कुणीतरी कमिशनवर तिकिटं विकतो. गाड्या कमी झाल्या की त्याचं कमिशन सुटत नाही, तो काम सोडतो. मग गाडी थांबते, माणसं चढतात, पण तिकीट मिळत नाही. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात त्या हॉल्टची विक्री शून्य. शून्य विक्रीच्या हॉल्टवर गाडी कशाला थांबवायची? थांबा गेला.

माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारी पन्नास रुपयांची नोट उंच धरून डब्याखाली उभी होती, "तिकीट द्या हो" म्हणून. तिला तिकीट देणारं त्या ठिकाणी कुणी नव्हतं. हिशेबात ती म्हातारी कुठेच आली नाही.

---

मूर्तिजापूर_जंक्शन

लालहिरवी काका, आमच्या शकुंतलेत (यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या गाडीत) गार्डच तिकिटं देत होता. स्टेशनावर माणूस नव्हता ना! गाडी थांबली की गार्ड खाली उतरे, तिकिटं फाडे, पैसे घे, मग झेंडी. फाटक आलं की गाडी थांबवून खलाशी उतरे, फाटक लावे, गाडी पुढे जाऊन परत थांबे, तो फाटक उघडून पळत येऊन चढे. मी लहानपणी हे रोज पाहिलं. तेव्हा गंमत वाटे, आता समजते की ती माणसं सात-आठ जणांचं काम दोघं-तिघं ओढत होती.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिथून अचलपूर आणखी ७६. वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेली लाइन. १९२१ मधलं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं, त्यानंतर डिझेल आलं.

एक गैरसमज दूर करतो. "इंग्रजांना अजून पैसे जातात" असं सगळीकडं लिहून येते. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सनचा, आणि ती किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातात आली. खरं दुखणं वेगळंच होतं. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात ही लाइन सुटली. रूळ कंपनीचे, गाडी सरकारची. करार दर दहा वर्षांनी वाढवायचा. आता सांगा, दुसऱ्याच्या रुळावर कोण पैसा घालीन? कोणीच घातला नाही. स्लीपर कुजले, वेगमर्यादा कमी कमी होत गेली, शेवटी यवतमाळ ते अचलपूर सगळा पल्ला करायचा तर वीस तास. सायकलवाला पुढे जाईन. तरी गरीब माणूस बसत होता, कारण काळी-पिवळीचं भाडं त्याच्या खिशात नव्हतं.

अचलपूरची गाडी २०१९ मध्ये थांबली. यवतमाळची त्याच्या आधीच. गेज बदलायची घोषणा त्याच्याही आधीची आहे. आता रुळांमध्ये बाभळी वाढल्या आहेत.

---

हिशेबवही

सगळ्यांच्या भावना समजतात, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे म्हणून लिहितो. संसदेत रेल्वेमंत्र्यांनीच सांगितलंय की प्रवासी वाहतुकीत १०० रुपये खर्च होतात तेव्हा तिकिटातून ५४ येतात. ही एकूण सरासरी आहे, दहा रुपयांच्या पॅसेंजरमध्ये तूट याहून मोठीच असणार. ती भरून निघते कोळसा, सिमेंट, खत वाहून. म्हणजे मालगाडीला थांबवून पॅसेंजर सोडली तर पैसा आणणारीला अडवून पैसा खाणारीला वाट दिली असं होतं.

शिवाय रस्ते सुधारले. एसटी गावात जाते, स्टेशन गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना मोफत. उलट रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद. मग त्या आजीने रेल्वेने का जावं? तोच पैसा एसटीला द्या, गाड्या वाढवा. लहान अंतरासाठी बसच बरी असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

माणकाठ

हिशेबवही, मुद्दा रास्त आहे. सरळ उत्तर देतो.

एसटी हवीच. पण एका एसटीत पन्नास माणसं, एका मेमूत (विजेवरच्या लोकलसारख्या गाडीत) हजारावर. सकाळच्या एका तासात तालुक्याला जाणारी कॉलेजची पोरं, दवाखान्याचे पेशंट, बाजाराच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया यांना न्यायला किती एसट्या लागतील? तेवढ्या कुणाकडे नाहीत. उरलेले वडापला लोंबकळून जातात. तो खर्च आणि ते अपघात रेल्वेच्या तोट्याच्या रकान्यात दिसत नाहीत, पण भरतो आपणच.

मालगाडीला अडवा असंही मी म्हणत नाही. आषाढीला पंढरपूरला किती जादा गाड्या सोडतात ते बघा. मिरजेहून, लातूरहून, विदर्भातून. ते चार-पाच दिवस ह्याच एकेरी लाइनवर त्या सगळ्या मावतात, मालगाड्यांचंही भागतं. वारकऱ्यांसाठी वाट काढता येते, तर त्याच वारकऱ्याच्या नातवाला रोज सकाळी कॉलेजला न्यायला एक वाट निघणार नाही का?

आणि सवलतीबद्दल तुम्ही म्हणालात ते माझ्याच बाजूचं आहे. एसटीत अर्धं तिकीट झाल्यावर बायका एसटीकडे वळल्या. भाडं आणि वेळ जमली की माणूस वाहन बदलतो, हेच त्यातून दिसलं.

---

पाचोरेकर

आमची पीजे. पाचोरा-जामनेर, छप्पन्न किलोमीटर, नॅरोगेज. मार्च २०२० ला थांबली ती थांबलीच. पुन्हा एकदाही धावली नाही. ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेणार असं मंजूर आहे. मंजुरी चांगलीच आहे, पण मधल्या वर्षांचं काय? केळी आणि दुधाचे कॅन घेऊन जाणारा माणूस ब्रॉडगेज होईपर्यंत थांबून राहत नाही, तो मोटारसायकल घेतो हप्त्यावर. गाडी येईल तेव्हा त्याचे हप्ते चालू असतील. एवढंच लिहायचं होतं.

---

बिंदुसरा

बीडवरून लिहितेय. आमच्याकडे गेलेली गाडी परत आली नाही, आमच्याकडे पहिल्यांदाच गाडी आली. तरी या धाग्यात लिहिते, कारण मला जे दिसलं ते माणकाठ यांच्या म्हणण्याला धरूनच आहे.

नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, १९९५ ची मंजुरी. खासदार केशरकाकू क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंडेसाहेबांपर्यंत सगळ्यांनी ही मागणी लावून धरली. साडेतीनशे कोटींचा अंदाज साडेचार हजार कोटींच्या पुढे गेला, निम्मा वाटा राज्याने उचलला. सप्टेंबर २०२२ ला गाडी नवीन आष्टीपर्यंत आली, फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, बीडला.

त्या दिवशी मी आईला घेऊन स्टेशनवर गेले होते. ती सत्तरीची. आयुष्यभर एक वाक्य ऐकलेलं, "बीडला रेल्वे येणार". गाडी फलाटाला लागली तेव्हा तिने पुढे होऊन डब्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला, देवळात उंबऱ्याला लावतात तसा. आजूबाजूला कितीतरी बायका तेच करत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अजून आठवलं तरी येतं.

आता दुसरी बाजू. सुरुवातीला दिलेली वेळ अशी, की गाडी सकाळी नगरहून निघणार, दुपारी बीडला येणार, आणि दुपारी बीडहून निघून संध्याकाळी नगरला. पाच-साडेपाच तासांचा प्रवास. म्हणजे बीडच्या माणसाने नगरच्या दवाखान्यात जायचं तर तो संध्याकाळी पोचणार, मुक्काम करणार, दुसऱ्या दिवशी काम उरकून परत मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. नगरवाल्यालाही बीडमध्ये अर्धाच तास. ही वेळ कुणासाठी आहे? तीस वर्षं आंदोलनं करून आणलेली गाडी वेळेमुळे रिकामी धावली तर पुढे कुणीतरी म्हणेल, बीडकरांना रेल्वे नकोच होती. मला त्या वाक्याची भीती वाटते.

---

लालहिरवी

बिंदुसरा ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

नवीन लाइनला सुरुवातीला वेग कमी ठेवतात, भराव बसायला पावसाळे जावे लागतात. त्यामुळे साडेपाच तास हळूहळू कमी होतील. पण रेक रात्री कुठे मुक्कामाला असतो हा प्रश्न आत्ताच लावून धरा. रेक नगरला झोपतो म्हणून सकाळची गाडी नगरहून निघते. तो बीडला झोपला पाहिजे. त्यासाठी बीडला पाणी भरायची, झाडलोटीची आणि क्रूच्या विश्रांतीची सोय लागते. मागणी करताना "वेळ बदला" एवढंच लिहिलं तर "शक्य नाही" असं उत्तर येतं. "रेकचा रात्रीचा मुक्काम बीडला करा आणि त्यासाठी रनिंग रूम द्या" असं लिहिलं तर फाइल योग्य टेबलावर जाते.

---

अकोट_फाइल

आमचं थोडक्यात. अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. धूळघाटला लाइन स्वतःभोवती फिरून वर चढायची, खालून गेलेले रूळ वरच्या पुलावरून दिसायचे. मेळघाटच्या वाघांसाठी पुढचा मार्ग जंगलाबाहेरून न्यायचं ठरलं, ते मला पटतं. पण त्या निर्णयाची वाट बघत अकोला-अकोट हा साधा सपाट तुकडासुद्धा वर्षानुवर्षं पडून होता. २०२२ च्या अखेरीस अकोटला गाडी परत आली. पहिल्या दिवशी पूर्णा नदीच्या पट्ट्यातल्या गावांतून लोक हार घेऊन उभे होते.

माझं म्हणणं एवढंच, की जेवढी लाइन तयार आहे तेवढ्यावर गाडी सोडा. वर्धा-यवतमाळ-नांदेडचं २०२४ मध्ये वर्धा ते कळंब असं केलं, ते योग्य केलं. लोकांच्या पायाला गाडीची सवय लागली पाहिजे.

---

ट्वीडकाठचा_सातारकर

मी गेली अकरा वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

इथे १९६३ साली बीचिंग नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल आला आणि तोट्याच्या म्हणून हजारो मैल लाइन आणि दोन हजारांवर स्टेशनं बंद करायची शिफारस झाली. एडिनबराहून दक्षिणेला सरहद्दीच्या भागातून जाणारी वेव्हर्ली लाइन जानेवारी १९६९ मध्ये बंद झाली. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटन गावातल्या लोकांनी फाटक अडवून गाडी रोखून धरली होती. हॉइक, गॅलाशील्स ही लोकरीच्या गिरण्यांची गावं एका रात्रीत रेल्वेविना झाली.

सप्टेंबर २०१५ मध्ये त्यातला एडिनबरा ते ट्वीडबँक हा भाग परत सुरू झाला. सेहेचाळीस वर्षांनी. पहिल्याच वर्षी दहा लाखांवर प्रवासी बसले. दर अर्ध्या तासाला गाडी आहे, हे त्याचं मुख्य कारण. वेळ पाठ करावी लागत नाही.

पण परत आणणं फार महाग पडलं, आणि त्याचं एक कारण आपल्या लोकांनी लक्षात घ्यावं म्हणून मुद्दाम लिहितोय. बंद झाल्यावर रूळ उखडले आणि जमीन तुकड्यातुकड्याने विकली. काही ठिकाणी घरं झाली, काही ठिकाणी रस्ता. परत लाइन आणताना ते सगळं सोडवावं लागलं. खर्च वाचवायला बराच भाग एकेरी ठेवला, तर आता एक गाडी उशिरा आली की मागच्या सगळ्या अडकतात. ट्वीडबँकच्या पुढे हॉइकची माणसं अजून वाटच बघतात.

मूर्तिजापूर_जंक्शन, म्हणून तुमच्या लाइनची पट्टी सांभाळा. बाभळी उद्या तोडता येतात, इमारत तोडता येत नाही.

आणि माणकाठ, तुमच्यासाठी खास. तुमच्या कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्येही एक लाइन बांधली होती, लीक अँड मॅनिफोल्ड, तीच अडीच फुटी, बार्शीचाच अनुभव घेऊन. १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. मी तिथे मुलांना घेऊन गेलो होतो. रुळांच्या जागी आता चालायची वाट आहे, बोगद्यातून मोटारी जातात. छान जागा आहे, पण उभं राहून मला सारखं वाटत होतं, की त्याच माणसाने घातलेली आपली लाइन अजून पाणी आणि डाळिंबं वाहते आहे.

---

माणकाठ

हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला, ते दोनदा वाच म्हणाले.

---

दिवा_जंक्शन

कोकणातून एक भर. रत्नागिरी-दादर पॅसेंजर करोनानंतर दिव्यापर्यंतच आणली गेली. गाडी चालू आहे, कागदावर काहीच बंद नाही. पण फणस, काजूच्या पिशव्या, म्हातारी माणसं घेऊन दिव्याला उतरायचं, जिना चढायचा आणि भरलेल्या लोकलमध्ये शिरायचं. लालहिरवींनी हॉल्टचं सांगितलं तसंच हे शेवटच्या स्टेशनचं. शेपूट तोडलं की गाडी निम्मी होते. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली ती कोकणातल्या माणसाच्या हिमतीवर आणि जमिनीवर, त्यामुळे हे जास्त लागतं.

---

हिशेबवही

बिंदुसरा आणि लालहिरवी यांचे प्रतिसाद वाचून माझं मत थोडं सरकलं, ते नोंदवतो. मी रिकाम्या डब्यांचा हिशेब मांडत होतो. पण हॉल्टवर तिकीटच मिळत नसेल तर विक्रीचा आकडा प्रवाशांची संख्या दाखवत नाही. चुकीच्या मोजणीवर बरोबर गणित केलं तरी उत्तर चुकणारच. एसटी आणि रेल्वे यांची वेळ जुळवा, स्टेशनच्या दारात एसटी थांबवा, हे मात्र तुमच्या मागणीत घाला. गाव ते स्टेशन ते दोन-तीन किलोमीटर कुणीच मोजत नाही.

---

माणकाठ

घालतो. मंडळ रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीकडे द्यायला अर्ज लिहायला घेतलाय. इथे जे आलं त्यावरून मसुदा असा: मिरज आणि कुर्डुवाडी दोन्ही टोकांहून सकाळी नऊच्या आत पोचणारी आणि संध्याकाळी परतणारी मेमू द्यावी, वीज आली आहे तर डिझेल इंजिन आणि जुने डबे कशाला. रेकचा मुक्काम कुठे असावा ते नाव घेऊन लिहू. ज्या हॉल्टवर तिकीट विकणारं कुणी नाही तिथे आधी तिकिटाची सोय व्हावी आणि ती झाल्यावर एक वर्ष मोजल्याशिवाय थांबा काढू नये. एसटीच्या आगारालाही प्रत द्यायची.

एक अडचण आहे. संध्याकाळची वेळ नक्की किती लिहायची? मी माझ्या अंदाजाने साडेचार लिहिली आहे. रोज जाणारं कुणी इथे असेल तर सांगा.

---

बीएस्सी_दुसरं_वर्ष

दादा, मी सगळा धागा वाचला, पहिल्यांदाच लिहितेय. मी ह्याच लाइनवरून कॉलेजला जाते. साडेचार नका लिहू. प्रॅक्टिकल पाचला सुटतं. सध्याची गाडी त्याच्या आधीच जाते, म्हणून आम्ही सातजणी मंगळवार आणि गुरुवारी प्रॅक्टिकल अर्धवट टाकून निघतो, नाहीतर वडाप. अंधार पडल्यावर वडापने यायला घरचे नाही म्हणतात. माझ्या मैत्रिणीने त्यामुळेच सायन्स सोडून आर्ट्सला नाव घातलं. कॉलेज ते स्टेशन चालत पंधरा मिनिटं लागतात. पाच वीसची गाडी असेल तर सगळ्याजणी येऊ शकतो. अर्जावर आमच्या सह्या चालतील का?

---

लालहिरवी

बाळ, सह्या चालतील आणि त्या सगळ्यात वर घ्या. माणकाठ, साडेचार खोडा, पाच वीस लिहा. त्या वेळेला खालून एक्सप्रेस कुठे असते आणि क्रॉसिंग कुठल्या स्टेशनात बसतं ते मी चालू टाइमटेबलावरून काढतो. उद्या संध्याकाळपर्यंत इथेच लिहितो.